वांगं खा, पण पाठीवरची तपासणी टाळू नका

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३६. १२ वर्षांपासून शिवणकाम करते. आधी ब्लाउज आणि फॉल-पिको एवढंच होतं, ४ वर्षांपासून शाळेच्या गणवेशाचं काम घेते. दुकानदार तागे आणून टाकतो, मी कापून, शिवून, इस्त्री मारून देते. ३ वर्षांपासून मनगटाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खळग्यात, मानेला दोन्हीकडे आणि काखेच्या कडेला खाज सुटते. बारीक पुरळ येतं, उन्हाळ्यात तर पाणी सुटतं. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत बरं वाटतं, सोडली की पुन्हा तेच. मध्यंतरी रक्ताची ॲलर्जी तपासणी केली. त्यात वांगं, शेंगदाणे, तूरडाळ आणि धूळ आलं. दीड वर्ष झालं, घरात भरीत होतं पण मी ताटात घेत नाही. खाज मात्र जशीच्या तशी आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) १० दिवस माहेरी गेले तेव्हा अंग एकदम साफ झालं. परत येऊन मशीनवर बसले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. सासूबाई म्हणतात, हिला माहेरचं पाणी मानवतं.

आता एका त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट करा म्हणून सांगितलं, म्हणजे संशयाचे पदार्थ पाठीवर चिकटवून बघायचे. त्यांना कापडातल्या फॉर्माल्डिहाइड नावाच्या रसायनाचा संशय आहे. मुलीने मोबाइलवर बघितलं तर प्रेतं टिकवायला लागतं ते हेच. सासूबाईंचं एकच म्हणणं, ‘पाठले जहर कसाले लावनं?’ मलाही भीती वाटते. तपासणी करू का? त्यात ते निघालं तर मशीन बंद करावं लागेल का? अर्धं घर या मशीनवर चालतं.

तुमची एक वाचक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट त्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये नाही, आखाजीच्या १० दिवसांत आहे. माहेरी गेलात आणि अंग साफ झालं, परत मशीनवर बसलात आणि तिसऱ्या दिवशी खाज आली. माहेरी शेंगदाण्याची चटणी नसेल, तूरडाळीचं वरण नसेल, असं खानदेशात तरी मला पटणार नाही. पाणी बदललं हे खरं, पण त्याहून मोठं काय बदललं असेल तर ते म्हणजे नवं कापड तुमच्या हातातून सुटलं. तुमच्या डॉक्टरांच्या मनात फॉर्माल्डिहाइडचं नाव आलं ते यामुळेच असावं. त्यांचा तर्क मला बरोबर वाटतो. तपासणी करून घ्या. कशी करून घ्यायची ते मात्र नीट सांगते, कारण अर्धवट केलेली पॅच टेस्ट न केलेल्या टेस्टपेक्षा जास्त फसवते.

आधी रक्ताच्या तपासणीबद्दल. ॲलर्जी हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक ॲलर्जी काही मिनिटांत उठते: अंगावर गांधी येतात, ओठ सुजतो, शिंका सुरू होतात. तिच्यात रक्तातली आयजीई नावाची प्रथिनं काम करतात आणि रक्ताची तपासणी तीच मोजते. तुमचा आजार दुसऱ्या जातीचा आहे. त्यात आयजीईचा संबंध नसतो. आपल्या संरक्षणपेशींपैकी टी पेशी त्या पदार्थाला ओळखून ठेवतात आणि पुन्हा गाठ पडली की २ ते ४ दिवसांनी त्वचेवर चढाई करतात. म्हणून तर सोमवारी कापलेल्या कापडाची खाज बुधवारी येते आणि माणूस बुधवारी काय खाल्लं ते आठवत बसतो. ही ॲलर्जी रक्ताच्या नळीत दिसत नाही, ती त्वचेवरच तपासावी लागते. तुमच्या रिपोर्टमध्ये वांगं आलं याचा अर्थ एवढाच की रक्तात वांग्याविरुद्ध थोडी आयजीई सापडली. वांगं खाल्ल्यावर लगेच तोंडाला खाज, गांधी, उलटी असं तुम्हाला कधी झालं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. दीड वर्ष वांगं सोडून खाज तसूभर हलली नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

हे मी जरा जोरात लिहिते आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बाईच्या पर्समध्ये असा एक रिपोर्ट असतो आणि त्यापायी तिने डाळ, दूध, दाणे सोडून स्वतःला अशक्त करून घेतलेलं असतं. हातावरच्या इसबासाठी हजारो रुपयांचं रक्त तपासू नका.

आता त्या जहराबद्दल. मुलीने वाचलं ते खोटं नाही. फॉर्माल्डिहाइड हा तिखट वासाचा वायू आहे. तो पाण्यात विरघळवला की त्याला फॉर्मलिन म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयात प्रेतं टिकवण्यासाठी वापरतात त्या तीव्र फॉर्मलिनमध्ये तो साधारण ३७ टक्के असतो. पॅच टेस्टच्या द्रावणात तो १ किंवा २ टक्के असतो आणि त्यातलेही १५ मायक्रोलिटर वापरतात, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा तिसरा हिस्साही नाही. २ टक्क्यांचं द्रावण धरलं तरी त्यात फॉर्माल्डिहाइड भरतं मिलिग्रॅमच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं. आपलं शरीर स्वतःच्या कामकाजात रोज थोडं फॉर्माल्डिहाइड तयार करतं आणि मोडूनही टाकतं. या वायूला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलं, ते वर्षानुवर्षं तो नाकातोंडात घेणाऱ्या कामगारांच्या अभ्यासावरून. पाठीवर दोन दिवस ठेवलेल्या त्या ओलाव्याशी त्याचा संबंध नाही. सासूबाईंना माझ्या वतीने सांगा, जे पाठीवर दोन दिवस लावायचं आहे त्याच्याशी सुनेच्या मनगटाची चार वर्षं रोज गाठ पडते आहे.

हे कापडात कुठून येतं? सुती आणि टेरिकॉट कापडाला सुरकुती पडू नये, धुतल्यावर आटू नये म्हणून गिरणीत त्यावर रेझिन, म्हणजे राळेसारखं रसायन, चढवतात. सुताच्या तंतूंमधल्या रेणूंच्या साखळ्या मुळात दमटपणाने एकमेकींवर सरकतात आणि तिथेच घडी बसते. रेझिन त्यांना आतून बांधून ठेवतं. या रेझिनमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं. काही सुटं राहिलेलं असतं, काही बांधलेलं. घाम, उष्णता आणि वाफ लागली की बांधलेलंही हळूहळू सुटतं. नवा तागा उलगडताना डोळे चुरचुरतात, इस्त्रीची वाफ मारली की नाकात झणझणतं, हे तुम्ही रोज अनुभवत असाल. कॉलरच्या बकरमलाही कडकपणासाठी असं रेझिन लावलेलं असू शकतं. मग त्यात भर पडते आपल्या उन्हाची. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो, तुम्ही पत्र्याखाली मशीनवर बसता, मनगट घामाने ओलं, त्याखाली नवं कापड. गणवेशाची गर्दीही नेमकी याच दोन महिन्यांत, कारण जूनमध्ये शाळा उघडते. उन्हाळ्यात पाणी सुटतं असं तुम्ही लिहिलंत, त्यात मला काही नवल वाटलं नाही.

आणखी एक खूण आहे. काखेच्या कडेला होतं असं तुम्ही लिहिता, काखेच्या आत नाही. कापडाचं इसब असंच वागतं. जिथे शिवण घासते तिथे ते येतं, खोलगट भाग सोडून देतं. उलट घाम न येण्यासाठी लावायच्या पदार्थाचं इसब काखेच्या मधोमध येतं. स्वतःसाठी शिवलेले ब्लाउज तुम्ही न धुता घालता का, हे पत्रात नाही. मला वाटतं, घालत असाल.

तरीही मी फॉर्माल्डिहाइडच असं पत्र वाचून ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. आपल्याकडे मान, पापण्या आणि कोपराचे खळगे पकडणारा दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आता तापीकाठापासून तुमच्या बांधापर्यंत सगळीकडे आहे आणि त्याचा भुगा हवेतून अंगावर बसतो. पण ते तुमच्या माहेरच्या बांधावरही असणार, आणि माहेरी तर अंग साफ झालं. कात्रीच्या मुठीतलं निकेल, कापडाचे गडद रंग, ट्यूबमधलं एखादं औषध, हेही संशयाच्या यादीत आहेत. म्हणून डॉक्टर एकटं फॉर्माल्डिहाइड लावत नाहीत, एक अख्खी मालिका लावतात. भारतासाठी ठरवलेल्या मालिकेत निकेल, सिमेंटमधलं क्रोमियम, केसांच्या काळ्या रंगातलं पीपीडी, सुगंधी द्रव्यं, निओमायसिन हे जंतूंचं औषध आणि गाजरगवतही असतं. कापडाची वेगळी मालिकाही मिळते. ती उपलब्ध आहे का ते आवर्जून विचारा, कारण काहींची त्वचा सुट्या फॉर्माल्डिहाइडला गप्प बसते आणि कापडाच्या रेझिनला उठते.

ही तपासणी होते कशी ते सांगते, म्हणजे भीती जाईल. सुई नाही, रक्त नाही. शर्टाच्या छोट्या बटणाएवढ्या, ८ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या वाट्या एका चिकटपट्टीवर ओळीने बसवलेल्या असतात. बहुतेक पदार्थ व्हॅसलीनसारख्या मलमात कालवलेले असतात, ते वाटीत बोटभर नळीतून पिळून भरतात. फॉर्माल्डिहाइड पाण्यात असतं, म्हणून त्याच्या वाटीत आधी गाळणकागदाची चकती ठेवतात आणि मोजून थेंब सोडतात. हा थेंब रुग्ण समोर बसल्यावरच सोडायचा असतो. आधीच भरून ठेवला तर फॉर्माल्डिहाइड उडून जातं आणि पाठीवर नुसतं पाणी लागतं. तुम्ही पाठ करून बसलेल्या असाल, तुम्हाला दिसणार नाही, तरी विचारायला संकोच करू नका. मग पट्ट्या पाठीच्या वरच्या भागात, मणक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवतात आणि कडेने शाईच्या खुणा करतात.

पट्ट्या ४८ तास राहतात. तेवढ्या वेळात पाठ ओली करायची नाही. हातपाय, तोंड धुवा, डोक्यावरून पाणी घेऊ नका. घाम फुटेल असं काम नको, पाण्याचा हंडा नको, चुलीसमोर भाकऱ्यांची रास नको. खाजवायचं नाही आणि शेजारणीकडून खाजवूनही घ्यायचं नाही. पट्टीची कडा सुटली तर वरून चिकटपट्टी लावा, जी सुटली तिची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. एखाद्या जागी सहन होणार नाही इतकी आग झाली तर दोन दिवस दात-ओठ खात बसू नका, डॉक्टरांना फोन करा.

पट्ट्या काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पहिलं वाचन होतं, कारण चिकटपट्टीची लाली आधी उतरू द्यावी लागते. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. रुग्णाला वाटतं संपलं. गावाकडची गाडी गाठायची असते, डॉक्टरांच्या दारात गर्दी असते, आणि ‘काही निघालं नाही’ असं सांगून पाठवणी होते. मी स्वतः हे केलेलं आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत कापडदुकानात काम करणाऱ्या एका माणसाची पाठ मी दुसऱ्या दिवशी वाचली, कोरी दिसली, आणि तुम्हाला कशाचीही ॲलर्जी नाही असं सांगून मोकळी झाले. तो आठव्या दिवशी आईच्या औषधासाठी आला आणि जाता जाता म्हणाला, पाठीवर एक जागा फार खाजते. शर्ट वर केला तर फॉर्माल्डिहाइडच्या खुणेवर लाल, टणक, बारीक फोडांनी भरलेलं वर्तुळ होतं. शाई जवळजवळ पुसली होती, थोडा उशीर झाला असता तर कोणत्या पदार्थाची जागा तेही कळलं नसतं. आईचं औषध संपलं म्हणून तो आला, नाहीतर ‘ॲलर्जी नाही’ हा माझा शेरा घेऊन तो आयुष्यभर तागे उलगडत बसला असता. त्या दिवसापासून मी तिसरं वाचन केल्याशिवाय निकाल लिहीत नाही.

तेव्हा तीन वेळा पाठ दाखवायची. सोमवारी पट्ट्या लावल्या तर बुधवारी काढून पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं, पुढच्या सोमवारी तिसरं. लावायला जाण्याची एक खेप धरून चार खेपा होतात. हे जड आहे, मला कळतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे तेवढाच आधार. पण यातली एखादी खेप चुकवायचीच झाली तरी शुक्रवारची चुकवू नका, आणि पुढच्या सोमवारी निदान चांगल्या उजेडात मुलीकडून पाठीचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. फोटोत टणकपणा कळत नाही, म्हणून ते दुय्यमच, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

निकालाच्या कागदावर अधिकची चिन्हं असतील. नुसती पुसट लाली म्हणजे संशय. लाल आणि हाताला टणक लागणारी जागा म्हणजे एक अधिक. त्यावर बारीक फोड आले तर दोन. फोड एकमेकांत मिसळून मोठे झाले तर तीन. फॉर्माल्डिहाइड मुळात त्वचेला थोडं झोंबणारं रसायन आहे, त्यामुळे कधीकधी ॲलर्जी नसतानाही जागा लाल होते. ती लाली साधारणपणे पट्टी काढल्यावर दिसते आणि शुक्रवारपर्यंत उतरते. खरी ॲलर्जी शुक्रवारी चढते. आता कळलं ना, शुक्रवार का महत्त्वाचा?

कागदावर एक लांबलचक नाव तुम्हाला गोंधळात टाकेल: पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन. शेवटी फॉर्माल्डिहाइड असलं तरी हा वेगळा पदार्थ आहे. चपला-बुटांचा, पट्ट्यांचा आणि चिकटणाऱ्या टिकलीचा गोंद यातून होतो. त्याला अधिक आलं म्हणून तुम्हाला फॉर्माल्डिहाइडची ॲलर्जी आहे असं होत नाही. (टिकलीच्या जागी कपाळ पांढरं पडलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. ते कोड वाटतं, पण पुष्कळदा या गोंदातल्या फिनॉलचं काम असतं. तुमच्या घरात कोणाला तसं दिसलं तर चिकट टिकली आजच काढायला सांगा.)

आता वेळ. मे महिन्यात, घामाने पट्ट्या गळून पडतील अशा दिवसांत आणि गणवेशाच्या ऐन गर्दीत हे करू नका. जुलैअखेर काम ओसरेल, पावसाने हवा निवळेल, तेव्हाचा एखादा सोमवार धरा. त्याआधी किमान आठवडाभर पाठीला कसलीही ट्यूब लावायची नाही, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. पाठ उन्हाने भाजलेली नको. गरोदर असाल तर तपासणी पुढे ढकलतात, तशी शक्यता असेल तर आधी सांगा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्टचं साहित्य सध्या आहे का, कोणत्या वारी लावतात, हे जाण्याआधी विचारून घ्या. नसेल तर खासगी त्वचारोगतज्ज्ञाकडे खर्च आधी विचारा आणि त्यात तिन्ही वाचनं धरली आहेत का तेही.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. ज्या ज्या ताग्याचं काम करता त्यातला हातरुमालाएवढा न धुतलेला तुकडा, बकरमचा तुकडा, खडू, आणि अंगाला लागणारं सगळं: साबण, शाम्पू, क्रीम, आणि हो, ती मेडिकलमधली ट्यूब. कापडाचा तुकडा भिजवून तोही पाठीवर लावता येतो. पण हे डॉक्टरांनी लावायचं. घरी कोणी फॉर्मलिन आणून थेंब टाकून बघू, असं म्हणालं तर हात धरा, ते भाजतं.

आणि ती ट्यूब. नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन दिवसांत बरं आणि सोडली की पुन्हा तेच, हे वर्णन स्टिरॉइडचं आहे. आपल्याकडे एकाच ट्यूबमध्ये कडक स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध असा काला असतो आणि नायट्यापासून खरजेपर्यंत सगळ्याला तीच दिली जाते. त्याने त्वचा पातळ होते, नायटा असेल तर तो दबून पसरतो आणि त्यातल्या निओमायसिनचीच वेगळी ॲलर्जी जडू शकते. तुमचे डॉक्टर आधी त्वचा खरवडून बुरशी नाही ना, हे बघतील तर उत्तमच. तोवर स्टिरॉइड लागेलच, पण कोणतं, किती दिवस आणि कसं कमी करायचं हे त्यांच्या चिठ्ठीवर असू द्या.

अधिक आलं तर मशीन बंद करायचं का? नाही. १२ वर्षांचा हात आहे तुमचा, तो एका रसायनापायी सोडून द्यावा असं मी म्हणणार नाही. बदल मात्र करावे लागतील, आणि ही ॲलर्जी एकदा जडली की बहुतेकांना कायमची राहते, तेव्हा बदलही कायमचे. तुमची आई किंवा सासू फॉल लावण्याआधी तो पाण्यात बुडवून वाळवत असतील. आटू नये म्हणून करतात ते, पण तीच रीत तुमच्या कामाला येईल. तुमच्या अंगावरचं प्रत्येक नवं कापड दोनदा धुतल्याशिवाय घालायचं नाही. धुण्याने सुटं फॉर्माल्डिहाइड बरंचसं जातं, बांधलेलं राहतं, म्हणून ‘सुरकुती न पडणारं’, ‘इस्त्री नको’ असं लिहिलेलं कापड स्वतःसाठी घ्यायचंच नाही. रेशीम, लोकर, निव्वळ पॉलिएस्टर आणि नायलॉन यांना हे रेझिन सहसा लावत नाहीत. जुन्या, मऊ, अनेकदा धुतलेल्या सुती साड्यांसारखं सुरक्षित काही नाही. त्याच कापडाच्या मनगटापासून दंडापर्यंतच्या चार बाह्या शिवा, काम करताना घाला आणि रोज धुवा. नवे तागे झोपायच्या खोलीत ठेवू नका. इस्त्री ओट्यावर किंवा खिडकीशी, वारा पाठीमागून येईल अशी, आणि जमलं तर इस्त्रीचं काम काही पैसे सोडून दुसऱ्याला द्या. तुमच्या कामात सगळ्यात जास्त वायू तिथेच सुटतो. दुकानदाराशी बोला. खेळाच्या तासाचे निव्वळ पॉलिएस्टरचे टी-शर्ट-ट्रॅकपँट शिवायला मिळाले तर टेरिकॉटच्या शर्टांपेक्षा ते बरे. कापडाच्या रंगाला अधिक आलं असेल तर मात्र हा सल्ला उलटतो, कारण पॉलिएस्टरचे गडद रंगच मग त्रास देतात. म्हणून आधी तपासणी, मग बदल.

दुसरी अर्धी बाजू न्हाणीघरात आहे. शाम्पू, हात धुण्याचं पातळ साबण, भांड्यांचं लिक्विड, क्रीम, ओल्या पुसण्या यांत जंतू वाढू नयेत म्हणून अशी रसायनं घालतात जी हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडत राहतात. डब्यावर फॉर्माल्डिहाइड हा शब्द सापडणारच नाही. सापडतील ही नावं: डीएमडीएम हायडॅन्टॉइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया, क्वाटर्नियम-१५, ब्रोनोपॉल, सोडियम हायड्रॉक्सिमिथाइलग्लायसिनेट. युरोपात २०२२ साली नियम कडक झाला आणि अशा मालावर ‘फॉर्माल्डिहाइड सोडतं’ असं छापावं लागतं. आपल्याला मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत ही नावं शोधावी लागतात. हे काम मुलीकडे द्या, तिने मोबाइलवर इतकं शोधलं तर हेही शोधेल. सोपी खूणगाठ अशी, ज्यात पाणी आहे त्यात टिकवणारं रसायन असणार. म्हणून पातळ साबणाऐवजी वडी, क्रीमऐवजी साधं पांढरं व्हॅसलीन किंवा घरचं खोबरेल. लग्नसराईत कोणी केराटिन करून केस सरळ करू म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, त्या द्रावणात गरम इस्त्री लागताच फॉर्माल्डिहाइडची वाफ उठते.

हे सगळं केल्यावर आठ दिवसांत चमत्कार होणार नाही. माहेरी १० दिवसांत साफ झालं तसं घरी होणार नाही, कारण घरी थोडंफार लागतच राहतं. दोन-तीन महिने धरा. आणि समजा तिन्ही वाचनांत काहीच निघालं नाही, तर आखाजी खोटी ठरत नाही. मग डॉक्टर कापडाच्या तुकड्यांकडे वळतील, किंवा तुमचं क्रीम कोपराजवळ दिवसातून दोनदा, आठवडा-दोन आठवडे एकाच जागी लावून बघायला सांगतील. तेही तितकंच खरं उत्तर देतं.

भरीत आजच करा. शेंगदाण्याचा कूट सढळ हाताने घाला. तोंडाला खाज किंवा गांधी काही आलं तरच थांबा.

आणि सोमवारी जाताना सैल, जुना, रंग गेलेला ब्लाउज घाला, तोही तुमच्या जुन्या सुती कपड्यांतलाच. पाठीवरच्या खुणांची शाई कापडाला लागते आणि ती निघत नाही.